पब्लिक गेल्यावर रीळ गुंडाळतात

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही खरं तर माझी नाही, बाबांच्या व्यायामाची आहे. फिजिओ बाईंनी दिली. रोज तारीख घालून लिहा म्हणाल्या, किती पावलं चालले, डावा हात कुठवर गेला. मी म्हटलं, मोबाइलमध्ये लिहिते. तर म्हणाल्या, मोबाइलमध्ये लिहिलेलं कुणी परत बघत नाही. बरं बाई, वही तर वही.

तर, आज वॉकर धरून १९ पावलं. डावा हात खांद्याच्या थोडा खाली.

उरलेलं पान कोरं सोडवत नाही, म्हणून बाकीचंही लिहून टाकते. नोव्हेंबरात बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्याआधी ते रोज दोन मैल फिरून यायचे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी भांडून यायचे. चौतीस वर्षं त्यांनी सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवला, तेव्हापासून आवाज मोठा. आता शब्द जड पडतात, पण टोमणे मारायचे थांबलेले नाहीत. मला अजूनही घाईबाई म्हणतात. मी लोकांचे व्हॉइस मेसेज दीडपट वेगानं ऐकते, लिफ्टचं बटण चारदा दाबते आणि चहा निवायच्या आत तोंड भाजून घेते, त्यामुळे नाव काही खोटं नाही. लग्नाचा विषयसुद्धा माझा घाईत निघाला आणि घाईत मिटला.

डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. मी दादाला सांगून ठेवलंय, एप्रिलपर्यंत बाबा पहिल्यासारखे. दादा मार्चमध्ये येऊन जाणार आहे. तो विमानानं आठ तासांवर राहतो आणि रोज न चुकता अंगठा दाखवणारं चित्र पाठवतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

१८ पावलं. पण आज उठल्यापासून ढगाळ होतं, त्याचाही परिणाम होतो.

ऑफिसात नवं काम आलंय. पेशंटला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं यंत्र. चाकांवर एक उभा खांब, त्याच्या डोक्यातून पुढे आलेला दांडा, दांड्याच्या टोकाला हूक, हुकाला झोळी आणि झोळीत माणूस. बनवणाऱ्या ताईंचं स्वतःचं वर्कशॉप आहे. एका वृद्धाश्रमासाठी चाळीस यंत्रं करायची आहेत. त्यांचा प्रश्न एकच, दांड्याची नळी चार मिलिमीटर जाडीची घ्यायची की तीन चालेल? तीनची हलकी पडते, आयांना ढकलायला सोपी, आणि ती त्यांच्याकडे आणून पडलेली आहे.

आमचा धंदा म्हणजे खरी वस्तू मोडायच्या आधी कॉम्प्युटरमधली वाकवून बघायची. यंत्र दीडशे किलोच्या माणसासाठी आहे, आम्ही दोनशेपर्यंत ताणून बघतो. वजन एकदम टाकत नाही, वीस पायऱ्यांत वाढवतो. प्रत्येक पायरीला दांडा किती झुकला ते दिसतं आणि ताण रंगात दिसतो. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे मेटाकुटीला आलेला. त्या वीस पायऱ्या एकामागून एक पळवल्या की दांडा डोळ्यांदेखत वाकायला लागतो. खरा झुकाव साडेतीन सेंटिमीटरचा, तो दहापट वाढवून दाखवायचा, नाहीतर गिऱ्हाइकाला काही दिसतच नाही. वेग किती ठेवायचा, कुठे थांबवायचं, कुठून कुठवर दाखवायचं, सगळं आपल्या हातात असतं. मला या नोकरीत सगळ्यात जास्त हेच आवडतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

१८.

फिल्म झाली, पण तिला शेवटी हिसका बसायचा. दोनशे किलोला दांडा पुरता झुकतो, कोपऱ्यात वेल्डिंगपाशी लाल ठिपका उमटतो आणि फिल्म संपते. संपली की पहिल्यापासून सुरू, म्हणजे झुकलेला दांडा एका क्षणात टाणकन सरळ. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"हा हिसका काढ," म्हणाले. "गिऱ्हाइकाला वाटेल काहीतरी मोडलं."

फिल्म चालवायचे तीन प्रकार असतात. एकदाच, पुन्हा पुन्हा, आणि पुढे-मागे. मी तिसरा लावला. आता दांडा सावकाश खाली जातो आणि आल्या वाटेनं सावकाश वर येतो, झोपाळ्यासारखा. काम दोन सेकंदांचं, पण सर भलतेच खूश झाले. "आता कसं गोड दिसतंय," म्हणाले.

कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याचा आकडा अहवालाच्या पान एकतीसवर तक्त्यात टाकलाय.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वर्कशॉपवाल्या ताई येऊन गेल्या. पन्नाशीच्या असाव्यात, मनगटावर ठिणग्यांचे जुने डाग, बोलणं मोजकं. आमच्या मोठ्या पडद्यावर मी तीन मिलिमीटरवाल्या दांड्याची फिल्म लावली. त्या किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. दांडा खाली, वर, खाली, वर. मला तर चुळबुळ सुटली.

शेवटी म्हणाल्या, "म्हणजे वजन काढलं की हा परत जागेवर येतोय."

मी म्हटलं, "हो, बघा ना, किती छान चाललंय."

"मग तीनचीच घेते," ताई म्हणाल्या आणि उठल्या. अहवालाची जाडजूड प्रत त्यांनी काखेत मारली. एका बैठकीत निर्णय, अशी गिऱ्हाइकं भाग्यानं मिळतात. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. दिवसभर मी हवेत होते.

बाबा १७. मावशींनी, म्हणजे दिवसभर बाबांजवळ थांबतात त्यांनी, वॉकर जरा लांब ठेवला होता. तेवढ्यानं फरक पडतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

दादानं बाबांचा चालतानाचा व्हिडिओ मागितला होता. सकाळी काढला. पलंगापासून दारापर्यंत. मध्येच बाबा थबकले, डावा गुडघा गेला, मावशींनी काखेत हात घालून सावरलं. मग खुर्चीत बसून चार मिनिटं नुसते धापा टाकत होते, मान खाली. एवढं सगळं कशाला पाठवायचं? दादाला तिथे झोप लागायची नाही. मी तिसऱ्या पावलापासून नवव्यापर्यंतचा तुकडा ठेवला आणि वेग किंचित वाढवला. सव्वापट, फार नाही.

दादाचं उत्तर तासाभरात आलं. "अरे वा, झकास चालतायत की. मग मी आता धावपळ करत नाही, मे महिन्यात निवांत रजा काढून येतो."

मला बरं वाटलं. थोड्या वेळानं वाटेनासं झालं. मग मी बाथरूम घासून काढलं, नंतर गच्ची.

आज १५ पावलं. नव्या चपला घसरतात, जुन्याच काढून दिल्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

फिजिओ बाईंचं आणि माझं वाजलं. त्यांनी वही चाळली, पानं मागे-पुढे केली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "जे यायचं होतं ते बहुतेक आलंय. आता आहे ते टिकवायचं बघू या. आणि उचलायचं एखादं यंत्र घ्या. मावशींची कंबर जाईल आणि एक दिवस बाबाही पडतील."

मी म्हटलं, "तीन महिन्यांत हात टेकलेत तुम्ही? वर यायला वेळ लागतोच."

"वर येणारच नाही असं मी म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "पण वही वाचा."

वही काय वाचायची, मीच तर लिहिते. उचलायची यंत्रं मला शिकवतायत! ते यंत्र ज्यांच्यासाठी असतं त्यांना मी रोज कॉम्प्युटरवर बघते. त्यात माझे बाबा नाहीत.

गंमत म्हणजे दुपारी वर्कशॉपच्या ताईंचा फोन. बावीस दांडे वेल्डिंग होऊन तयार. पहिल्या भेटीत मी बोलता बोलता बाबांचं सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलेलं. "तुमच्या वडलांना लागणार असेल तर एक काढून ठेवते," म्हणाल्या. मी म्हटलं, "छे हो, ते चालतात."

१४.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज लिहायला बसवत नाहीये, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

ताईंच्या फिल्मची एक छोटी प्रत वृद्धाश्रमाला दाखवायला हवी होती, म्हणून लॅपटॉप घरी आणला होता. बाबा शेजारच्या खुर्चीत. चष्मा लावून बघायला लागले.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. खांब, दांडा, झोळी, वजन, वर्कशॉपच्या ताई.

बराच वेळ बघून म्हणाले, "याचा शेवट कुठाय?"

"हा काय, खाली गेला की शेवट. दोनशे किलो."

"मग वर कसा आला?"

"ते नुसतं उलटं चालवलंय बाबा. दिसायला बरं दिसतं."

"म्हणजे वजन काढल्यावर वर येतो की नाही, ते तुला ठाऊक नाही."

वजन काढायची पायरी मी कॉम्प्युटरला दिलेलीच नव्हती. वीस पायऱ्या, सगळ्या चढत्या. उतरताना जे दिसत होतं ते चढणंच होतं, पाठीमागून.

"आम्ही पण रीळ उलटं गुंडाळायचो," बाबा म्हणाले. एकेक शब्द ओढून काढत होते. "पण पब्लिक बाहेर गेल्यावर. पब्लिक बसलेलं असताना गुंडाळलं, तर मेलेला माणूस उठून बसतो. आणि लोक तेच खरं धरून घरी जातात."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते.

"त्या बाईंनी विचारलं नाही?"

"विचारलं. परत जागेवर येतोय ना, म्हणून."

"आणि तू काय म्हणालीस?"

मी लॅपटॉप मिटला. पावलं मोजायची राहिली.

रविवार, २३ फेब्रुवारी

दिवसभर एका जागी बसले नाही. कपाट आवरलं. ते परत विस्कटलं. भाजीला गेले आणि पिशवी दुकानातच विसरून आले. लाल ठिपका छोटाच होता, छोटाच होता, असं स्वतःला म्हणत होते.

१२. बाबांनी माझ्याकडे बघून "पुरे आज" म्हटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साडेसातला ऑफिस उघडलं. वजन काढायची पायरी टाकायला मला दहा मिनिटं लागली. दहाच. उत्तर यायला दोन तास.

दोनशे किलो लावून काढले की दांड्याचं टोक सहा मिलिमीटर खालीच राहतं. दीडशेला परत येतं, पण एकशे सत्तरच्या पुढे गेलं की नाही. कपड्यांच्या हँगरची तार एकदा जास्त वाकली की कितीही सरळ करा, तो बाक राहतोच, तसं. आणि झोळीतला माणूस स्थिर थोडाच असतो? घाबरून हिसका देतो, आया घाईनं उतरवतात. दीडशे किलोचे एकशे सत्तर व्हायला एक हिसका पुरतो. दर वेळी बाक थोडा वाढणार, आणि एक दिवस वेल्डिंग उघडणार, झोळीत कुणाचे तरी आई-वडील असताना. चारच्या नळीला यातलं काही होत नाही. तेही चालवून पाहिलं.

फिल्म 'एकदाच' वर लावून सरांना दाखवली. खाली गेली, वर आली, आणि सुरुवातीच्या जागेच्या खालीच थांबली. सर बघत राहिले. मग म्हणाले, "आपण खोटं कुठे लिहिलंय? पान एकतीसवर आकडा आहे. वाचणं त्यांचं काम."

"सर, त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं."

"तोंडी ना? मग गप्प बैस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज आपण सांगितलं चुकलो, तर उद्या जुनी गिऱ्हाइकंसुद्धा आपापल्या फिल्मा काढून बघतील."

ते म्हणाले त्यावर मी विचार केला. जुन्या फिल्मांमधल्या किती मी पुढे-मागे लावल्यात? कितीतरी.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ताईंकडे गेले नाही. फोन तीनदा हातात घेतला. ताई कामात असतील. मेल करावं, लेखी बरं असतं. मेल लिहिलं, त्यात 'काही मर्यादा', 'काही परिस्थितीत', 'विचारार्थ' असलं लिहून गेले. वाचल्यावर मलाच कळेना मला काय म्हणायचंय. पुसून टाकलं.

नोकरी गेली तर काय, हा विचार आला. बाबांची औषधं, मावशी, फिजिओ. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा ताईंचा चेहरा कसा होईल याची भीती जास्त आहे.

११. रात्रभर पाय आखडले होते म्हणे, त्यामुळे असेल.

बुधवार, २६ फेब्रुवारी

गेले. सरांना न सांगता अर्धी रजा टाकून गेले.

वर्कशॉप म्हणजे एक लांबट शेड, मधोमध वेल्डिंगची जागा, भिंतीला ओळीनं टांगलेले बावीस दांडे, पिवळा रंग दिलेले. सुंदर दिसत होते. ताईंनी चहा मागवला. मी वृद्धाश्रमाचं विचारलं, रंग कुठला वापरता ते विचारलं, चाकं कुठून आणता ते विचारलं. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय?"

तेव्हा सांगितलं. सगळं, एका दमात. लॅपटॉपवर दोन्ही फिल्म दाखवल्या, आधीची आणि परवाची.

त्यांनी मागे वळून ग्राइंडर बंद करायला सांगितला. शेडमध्ये एकदम शांत झालं.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही बघून हो म्हणालात, की असंच?"

"असंच," मी म्हटलं.

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या उठल्या आणि माणसांना वाळूची पोती आणायला सांगितलं. पंचवीस-पंचवीस किलोची आठ. तयार यंत्र एक मधोमध ओढलं, हुकाच्या मागे एक सुटा खांब उभा करून त्यावर लोखंडी पट्टी बांधली आणि टोकासमोर टोचणीनं बारीक रेघ मारली. मग एकेक पोतं झोळीत. दांडा झुकला. इथे दहापट वाढवलेलं काही नव्हतं, साडेतीन सेंटिमीटर म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळत होतं.

"तासभर राहू दे," ताई म्हणाल्या.

पाच मिनिटांत मी घड्याळ बघितलं. दहा मिनिटांत फेऱ्या मारायला लागले. "आता काढून बघायचं का?" दोनदा विचारलं.

"इथे पळवायचं बटण नाही, मॅडम. बसा."

बसले. उलट्या डब्यावर, त्या दांड्यासमोर. इतका वेळ एकाच गोष्टीकडे मी शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत नाही. काहीच घडत नव्हतं आणि मला तिथून उठताही येत नव्हतं.

तासानं पोती उतरवली. एक, दोन, तीन. दांडा वर येत होता. प्रत्येक पोत्यामागे मी मनात म्हणत होते, येईल, येईल. आठवं पोतं निघालं. टोक रेघेच्या खाली थांबलं. ताईंनी पट्टीला डोळा लावला. पाच मिलिमीटर. माझ्या उत्तरापेक्षा एक कमी. कॉम्प्युटर खरं बोलत होता, खोटं काय ते मी बोलले होते, आणि ते त्यांच्या माणसांसमोर मी म्हणूनही टाकलं.

ताईंनी खडू घेतला. भिंतीपाशी जाऊन बावीसच्या बावीस दांड्यांवर फुली मारत गेल्या, एकही न सोडता. शेवटच्या फुलीनंतर हात झटकून म्हणाल्या, "चारची मागवावी लागेल. वृद्धाश्रमाला सांगते, तीन आठवडे उशीर." मग जरा वेळानं, "तुम्ही स्वतः आलात ते बरं केलंत. फोनवर सांगितलं असतं तर मी तुम्हाला काय काय बोलले असते."

चहा गार झाला होता. तोच प्यायलो.

"वडील कसे आहेत?" त्यांनी विचारलं. "उचलावं लागतं का?"

"नाही, चालतात," मी म्हटलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मघाशी 'बघून, की असंच' विचारताना पाहिलं होतं, अगदी तसंच.

"अकरा पावलं," मी म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी एकोणीस होती."

आणि मग त्या शेडमध्ये, सगळ्या माणसांसमोर, मला रडू फुटलं. ताईंनी आपला रुमाल दिला. त्याला तेलाचा वास येत होता.

शनिवार, १ मार्च

वही पहिल्या पानापासून वाचली. एकोणीस, अठरा, अठरा, सतरा, पंधरा, चौदा, बारा, अकरा. ढग, वॉकर, चपला, आखडलेले पाय. प्रत्येक आकड्याला मी एक सबब जोडलीय. फिजिओ बाईंना सगळं त्या दिवशी वही चाळतानाच दिसलं होतं.

ताईंना सांगून आले हे सरांना कळवलं, तर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल त्यांनी ताईंना मेल केलं, मला प्रत ठेवून. 'आमच्या काटेकोर अंतर्गत तपासणीत ही बाब आमच्या लक्षात आली.' वाचून मी आणि बाबा पोट धरून हसलो. अंतर्गत तपासणी चष्मा लावून खुर्चीत बसली होती. जुन्या फिल्मा मी एकेक करून उघडतेय. सर बघतात आणि केबिनचं दार लावून घेतात, पण नको असं म्हणालेले नाहीत.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं. किती दिवस विचारायचं होतं. "बाबा, तुम्हाला काय वाटतं, तुम्ही पहिल्यासारखे..."

त्यांनी उजव्या हातानं माझं मनगट धरलं.

"मला जानेवारीतच कळलंय," म्हणाले. "तू कधी येतेस तिथवर, वाट बघत होतो. पहिल्यांदाच उशीर केलास, घाईबाई."

संध्याकाळी १६ तारखेचा व्हिडिओ दादाला पाठवला. सबंध, सात मिनिटांचा. गुडघा जातो तो, मावशी धरतात तो, मान खाली घालून धापा टाकतात तो. वेग आहे तसा. खाली लिहिलं, "आधी पाठवला तो मी कापला होता." बरोबर दहा मिनिटांनी फोन आला. म्हणजे त्यानं पळवला नव्हता. म्हणाला, "कापलास का गं?" मी म्हटलं, "मला बघवत नव्हतं." तो म्हणाला, "तिकीट काढतो."

मग ताईंना फोन केला. यादीत आमचंही एक नाव घाला म्हटलं. त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं.

शुक्रवार, २१ मार्च

यंत्र आलं. ताई स्वतः घेऊन आल्या, बरोबर आठ पोती. आमच्या बैठकीत, दादाच्या उघड्या पडलेल्या बॅगांच्या मधोमध, त्यांनी ती पोती झोळीत भरली, तासभर ठेवली आणि उतरवली. मी डब्यावर बसून होते, न उठता. रेघ आणि टोक एका पातळीत. ताईंनी मला वाकून बघायला लावलं. मी एकदा बघितलं, पट्टी काढून परत लावली आणि पुन्हा बघितलं. मग हो म्हटलं.

नंतर यंत्र बाबांच्या पलंगापाशी नेलं. दादानं आणि मावशींनी झोळी अंगाखालून सरकवली. बाबांचा चेहरा पडला होता, ते मला दिसत होतं आणि आज मी नजर वळवली नाही. रिमोट माझ्या हातात. त्यावर तीन बटणं, वर, खाली, थांबा.

"सावकाश," बाबा म्हणाले. "रीळ तुटेल."

मी 'वर' दाबून धरलं. इतकं हळू काही हलताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दादानं पाय धरले होते. बाबा गादीपासून सुटले, मग उशीच्या वर आले, मग खिडकीच्या कठड्याच्या वर.

"थांब. इथेच थांबव."

थांबवलं. मला वाटलं काही टोचलं. तर ते खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होते. चार महिने पलंगावरून आणि खुर्चीतून त्यांना नुसतं आभाळ दिसत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळा सुटली होती. समोरचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता. कुणाची तरी सायकल पडली, दोघांनी उचलली.

"याचं दुकान मोठं झालं की," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "आणि झाड कुणी तोडलं?"

दादानं मला खुणेनं विचारलं, किती वेळ? दोन मिनिटं झाली असतील, किंवा दहा. मी घड्याळ बघितलं नव्हतं.

"बाबा, उतरवू का आता?" दादा म्हणाला.

"मध्येच?" बाबा म्हणाले. "पब्लिक बसलंय अजून."

मी अंगठा बटणावरून काढला आणि रिमोट खिशात ठेवला. आज पावलं मोजली नाहीत.